जलद म्हणजे ढग

मला गाता येत नाही हे मला पहिल्यांदा रांजणानं सांगितलं. माणसं त्याच्या आधीपासून सांगत होतीच, पण माणसांचं मी मनावर घेत नसे. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, श्रावण लागला तरी गावात ट्यांकरच येत होता, आणि आमच्या दारातला मोठा रांजण दिवसचे दिवस रिकामा उभा असे. नांदेडहून किसनमामा आला होता. हा आईचा धाकटा भाऊ, गिरणीत कामाला, आणि जयंतीला गाणाऱ्या एका गायन पार्टीचा पेटीमास्तर. गिरणी काही दिवस बंद होती म्हणून पेटी घेऊन बहिणीकडे आलेला. मी त्याला मोठ्या ऐटीत एक गाणं म्हणून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "रांजणात तोंड घाल आन् सा लाव." मी घातलं. आतून जो आवाज परत आला तो कुणाचा आहे हे मला आधी कळलंच नाही. मी बाहेर येऊन मामाला सांगितलं की रांजणाला तडा गेलाय. मामानं बोटाच्या पेरानं रांजण वाजवून बघितला. "रांजण टणक हाय लेका. माणसं तोंडावर वा वा करतात, रांजण कुणाचा मिंधा न्हाई." नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, दहापैकी आठ मार्कही मिळवले होते. पण ती आपल्याबद्दल असू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. आमचं गाव लातूरहून नांदेडला जाणाऱ्या सडकेवरचं. आधी प्रत्येक कागदासाठी माणसं उस्मानाबादला हेलपाटे घालायची, आता जिल्हा जवळ आला म्हणून गावानं पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर सगळ्यांना तहान लागली आणि पाणी नव्हतं. जिल्हा नवा, टंचाई जुनीच, असं बाबा म्हणायचे. बाबा टंचाईच्या कामावर मुकादम होते, आई त्याच कामावर पाट्या टाकायची. सकाळी बाबांची वंदना, मग आईचं भाकरी थापणं, मग ट्यांकरचा भोंगा आणि घागरींचा गोंधळ, या क्रमानं घर जागं व्हायचं. जेवायला हायब्रीड ज्वारीची भाकर, येसर मसाल्याची पातळ आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी अक्का वाटायची. तिच्या चटणीत लसूण जास्त असे आणि ती मोजून वाढायची, कारण मी एकट्यानं वाटी चाटून पुसून ठेवायचो. अक्का म्हणजे माझी बहीण सुमन, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी.

मामानं मला त्या मुक्कामात ज्या युक्त्या शिकवल्या त्या अशा कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत. ताल पक्का व्हावा म्हणून तो मला रज्जाकभाईंच्या पिठाच्या चक्कीवर बसवायचा. तिथलं इंजिन 'ठुक ठुक ठुक' करत दिवसभर चालायचं. त्या ठेक्यावर टाळी धरायची आणि मध्येच इंजिनाकडे पाठ करून, कानात बोटं घालून, मनात ठेका चालू ठेवायचा. बोटं काढली की इंजिनाच्या ठोक्यावर आपली टाळी पडली पाहिजे. माझी कधी आधी पडे, कधी मागून. रज्जाकभाई म्हणायचे, "इंजन चुका होगा बेटा, फिकीर मत कर." संध्याकाळी मी केसापासून नखापर्यंत पांढरा होऊन घरी यायचो आणि आई मला अंगणातच झटकायची, कारण आंघोळीला पाणी नव्हतं.

दुसरी युक्ती चालीची. मामा म्हणायचा, चाल आधी, शब्द मागून. चाल सुचली आणि शब्द सुचत नसले तर थांबायचं नाही, बाजाराची यादी घालायची. "वांगी भेंडी गवार कांदा, वांगी भेंडी दोडका" असं गात राहायचं. भेंडीच्या जागी मग आपोआप खरा शब्द येऊन बसतो. माझ्या बाबतीत भेंडी हटतच नसे. तिसरी युक्ती सगळ्यात अवघड. नवी ओळ झाली की ती रिकाम्या माणसाला म्हणून दाखवायची नाही, कामातल्या माणसाला दाखवायची. "आक्का भाकर थापत आसंल तवा जाऊन म्हण," असं मामा आईबद्दल म्हणायचा, तोही तिला आक्काच म्हणे. "हात थांबला तर ओळ ठेव. न्हाई थांबला तर खोड." मी पंधरा दिवसांत आईसमोर कमीत कमी पन्नास ओळी म्हटल्या. हात थांबला एकदाच. मी आनंदानं उडालो. आईनं काटवटीतून मान वर केली आणि म्हणाली, "घागरीत पानी हाय का बघ रं, पीठ कोरडं पडलंय."

आता मी गावोगाव शिबिरं घेतो. मुलं मोबाइलवर माझं बोलणं टिपून घेतात आणि विचारतात, सर, सुचायला काय करावं? मी त्यांना रांजण सांगतो, चक्की सांगतो, भेंडी सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात. मामाचं नाव मी घेतो, पण दर वेळी घेतोच असं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि जरा कसंतरी झालं.

मामाची चौथी युक्ती मी धुडकावली होती. "हाताला लागती त्याच गोष्टीवर गानं कर," असं तो म्हणे. मला ते फार खालच्या दर्जाचं वाटायचं. हाताला काय लागत होतं? घागर, खडी, हायब्रीडची भाकर. यावर काय काव्य होणार? माझं दैवत होते शाळेतले गुरुजी. त्यांच्याकडे जाडजूड शब्दकोश होता आणि तो त्यांनी मला घरी नेऊ दिला होता. मी त्यातून शब्द वेचायचो. जितका शब्द कळायला अवघड तितका तो थोर, असा माझा हिशेब. पहिला फटका बसला तो 'कासार' या शब्दावर. कोशात कासार म्हणजे तळं. मी लगेच ओळ केली, 'शुष्क झाला कासार, गेली त्याची शोभा', आणि पारावर म्हणून दाखवली. पारावर बांगड्या भरणारे विठ्ठलअप्पा कासार बसले होते. अप्पा काटक माणूस, त्या साली जरा जास्तच काटक झाले होते. ते उठून थेट आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "मुकादम, माझी शोभा गेली का ऱ्हायली ते तुमच्या पोरानं कशापायी बघावं?" बाबांनी माझी समजूत कशी काढली ते इथं लिहीत नाही. पण शहाण्याला शब्दाचा मार पुरतो आणि मी शहाणा नव्हतो, एवढं पुरे.

याच दिवसांत घरात एक मोठी गोष्ट चालू होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. म्हणजे कानावर सगळं पडत होतं, डोक्यात काही शिरत नव्हतं. अक्काला लातूरला अध्यापिका विद्यालयात प्रवेश मिळाला होता. आमच्या वाड्यातली एवढं शिकणारी ती पहिली पोरगी. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून रोज जाऊन येऊन करायचं ठरलं. आता गंमत अशी की सकाळी सातला नांदेडहून येणारी जलद एस.टी. गाडी गावाच्या नाकासमोरून धूळ उडवत जायची, पण थांबायची नाही. पाटीवर लाल अक्षरात 'जलद' लिहिलेलं असे, ते वाचायलाही ती वेळ द्यायची नाही. थांबणारी साधी गाडी साडेनऊला, ती लातूरला पोचेपर्यंत विद्यालयाचे दोन तास होऊन गेलेले. म्हणून अक्का रोज पहाटे उठून दोन कोसांवरच्या फाट्यापर्यंत चालत जायची, तिथं जलद थांबे. अंधारात एकटी कशी जाईल म्हणून आई सोबत जायची आणि तशीच परत येऊन कामावर. एक दिवस आईला कामावर चक्कर आली. मग सोबत बंद आणि अक्का साडेनऊच्या गाडीनं जायला लागली. विद्यालयातून चिठ्ठी आली की असाच उशीर होत राहिला तर नाव कमी करू. बाबांनी डेपोला दोन अर्ज दिले होते, उत्तर एकाचंही नाही. इकडे नायगावचं एक स्थळ दबा धरून बसलेलं. मुलगा बरा होता, घर बरं होतं. बाबा एका रात्री भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "सुमे, ह्या महिन्याच्या आखरीपत्तुर बघू. सोय झाली तर झाली. न्हाई तर मला नायगावला हो म्हनावं लागंल. तुझ्या मायचा जीव घालून कालेज करायचं न्हाई." अक्कानं माझ्या ताटात न मागता चटणी वाढली. मी खाल्ली.

तेवढ्यात गुरुजींनी निरोप पाठवला की नव्या जिल्ह्याचे साहेब टंचाईची कामं बघायला येणार आहेत, सकाळी शाळेपुढच्या लिंबाखाली सभा आहे, तर एक स्वागतगीत हवं. गीत मिलिंदनं लिहावं, चाल त्याच्या मामानं लावावी. मिलिंद म्हणजे मी. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. मी दोन दिवस कोश घेऊन लिंबाखाली बसलो. पाऊस नाही, तेव्हा विषय ढग, हे तर ठरलंच होतं. पण ढगाला ढग म्हणणं म्हणजे अडाणीपणा. मेघ तर सगळेच म्हणतात. कोशात सापडला जलद. जल देतो तो जलद. मला तो शब्द इतका आवडला की मी तो चार वेळा वहीत लिहून काढला. आणि गाणं झालं:

जलद यावे, जलद यावे, थांबावे या गावी,
तृषित वसुंधरा ही वाट आतुर पाही!

वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. गावात ते गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात आलं. आलं नाही ते फक्त एका माणसाच्या. मामानं पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्या पाठीत थाप मारली. "आता बरुबर गावला लेका. हाताला लागती ती गोष्ट घेतलीस." मला वाटलं, ढग हाताला कसा लागेल, पण कौतुकाच्या वेळी शंका काढू नये. मामानं चाल लावली ती झकास. 'थांबावे' वर येऊन ठेका तुटायचा आणि पेटीवर एकच सूर वाजायचा, 'टिंग'. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ह्येच तर मुद्द्याचं हाय." मला वाटलं, थेंब पडल्याचा आवाज असेल.

गाव बदलूनच गेलं. ट्यांकरच्या रांगेतल्या बाया माझी अलाबला घ्यायला लागल्या. रज्जाकभाई ढोलक वाजवायला आपणहून आले. विठ्ठलअप्पांनी मला माफ केलं आणि वर विचारलं, "ती वसुंधरा म्हंजी आपली सुमनच ना? कवितेत नाव बदलावं लागतं, हाव, ते बराबर हाय." मी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की या बापड्यांना काव्य काय कळणार. आणि अक्का. अक्कानं गाणं ऐकलं त्या दिवशी ती चुलीपुढं बसली होती, भाकर थापत. तिचा हात थांबला. खरोखर थांबला, पाणी काटवटीत होतं तरी. ती म्हणाली, "मिल्या, मला वाटायचं तुझं ध्यानच न्हाई घरात." डोळे भरले होते तिचे. मी म्हणालो, "धूर झालाय का?" त्या दिवसापासून तालमीच्या वेळी ती रोज माझ्यासाठी गुळाचा खडा ठेवायची, मी सगळा गूळ खायचो, आणि मनात म्हणायचो की घरातल्या एका तरी माणसाला चांगली कविता कळते.

सभेचा दिवस. लिंबाखाली सतरंज्या, टेबलावर शाळेचा हिरवा कापडी पडदा, आणि साहेबांसाठी गावातली एकमेव हाताची खुर्ची. साहेब तरुण होते, घामाघूम झालेले, तरी हसून बोलत होते. शेजारी वही घेऊन कारकून. मामा पेटीवर, रज्जाकभाई ढोलकवर, मी मधे. पुढचं ध्रुपद गावानंच उचललं. बाया, म्हातारे, शाळेची पोरं, सगळे 'थांबावे' वर टाळी मारून 'टिंग' तोंडानंच म्हणायला लागले. मला भरून आलं. माझ्या आयुष्यात इतकं भरून पुन्हा कधी आलं नाही. गाणं संपलं, टाळ्या थांबेनात. साहेब उठले आणि म्हणाले, "मागणी गाण्यातून करणारं गाव मी पहिल्यांदा बघतोय. जलद गाडीचा थांबा हवाय ना? लिहून घ्या हो." कारकुनानं लिहिलं. बाबा हात जोडून अर्धे उठले होते. साहेबांनी मला विचारलं, "तूच लिहिलंस का रे हे?"

आता इथं कुठल्याही डोकं ठिकाणावर असलेल्या पोरानं 'हाव साहेब' म्हणून खाली बसायचं होतं. पण माझ्या डोक्यात कोश होता. साहेबांनी माझ्या जलदाची गाडी केली! एवढा शिकलेला माणूस! मी छाती काढून, जमेल तितक्या पुण्याच्या भाषेत बोललो, "नाही साहेब. आपला गैरसमज होतो आहे. जलद म्हणजे ढग. जल देतो तो जलद. शब्दकोशात आहे. गाडीचा यात काही संबंध नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. साहेब हसले. "अरे वा. मग आम्हीच अडाणी ठरलो." कारकुनाकडे वळून म्हणाले, "बरं, ढग आपल्या हातात नाही. तेवढं खोडा." कारकुनानं पेन टेकवलं. बाबा होते तसेच अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. मामानं पेटीचा भाता लावून टाकला. मी अक्काकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा, सगळ्या गावाच्या मागून, कळलं. गाडी कळली, टिंग म्हणजे कंडक्टरची घंटी हे कळलं, वसुंधरा कळली, गुळाचे खडे कळले. मला लाज वाटली. एवढा कोश पाठ आणि एक शब्द निघेना.

अक्का बायांच्या घोळक्यातून उठली. आमच्याकडे सभेत पोरी बोलत नसत. पदर नव्हता, ओढणीच होती, ती तिनं दोन्ही मुठीत धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "खोडू नका साहेब. ढग येईल तवा येईल, आधी गाडी थांबवा. माझं कालेज हाय."

कारकुनाचं पेन वहीवरच राहिलं. रज्जाकभाईंचा हात ढोलकवर आपोआप पडला, एकच थाप. साहेबांनी तिला जवळ बोलावलं, किती वाजता निघते, किती चालते, सगळं विचारलं. मग कारकुनाला म्हणाले, "हिनं सांगितलं तसंच्या तसं लिहा." आठ दिवसांत जलद आमच्या गावाला थांबली. पाऊस मात्र त्या वर्षी आलाच नाही, म्हणजे माझ्या गाण्याची मूळ मागणी फेटाळली गेली. सभेहून परत येताना अक्का एवढंच बोलली, "म्हंजी ते ढगाचंच व्हतं?" मी म्हणालो, "हाव." तिनं मान हलवली आणि घागर घेऊन रांगेला गेली.

मामा मोठा हुशार. त्यानं त्याच दुपारी माझी वसुंधरा काढून टाकली आणि अक्काचं वाक्य ध्रुपदात बसवलं. 'ढग येईल तवा येईल, आधी गाडी थांबवा.' एक अक्षर बदलावं लागलं नाही. त्याच्या पार्टीनं ते नांदेडला गायलं, नायगावला गायलं, पार माहूरच्या रस्त्यावरच्या गावांनी गायलं. जिथं जे नव्हतं तिथं ते लोकांनी गाडीच्या जागी घातलं, कुठं दवाखाना, कुठं मास्तर, कुठं ट्यांकर. पहिली पत्रिका छापायची होती तेव्हा मामानं मला विचारलं, "गीतकार म्हनून कुनाचं नाव टाकू? सुमीचं टाकू का?" मी म्हणालो, "माझं टाका की. गाणं तर माझंच हाय." चाल मामाची, ओळ अक्काची, ठेका इंजिनाचा. माझी होती ती वसुंधरा, आणि तिला तर कधीच काढून टाकलेलं. तरी नाव छापून आलं माझं. त्या एका गाण्यावर मी पुढं शाळेत संगीतशिक्षक झालो, शाली घेतल्या, शिबिरं घेतली, आजही घेतो. जलदमधला कंडक्टर तेच गाणं गुणगुणत अक्काला तिकीट द्यायचा आणि म्हणायचा, "तुमच्या भावानं काय ओळ लिवली बाई." ती तिकीट घेऊन खिडकीशी बसायची.

अक्का मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, नांदेडला असते. मागच्या महिन्यात हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. साठीला आलेल्या माणसाला साजेल अशा आवाजात सांगितलं की अक्का, ती ओळ तुझी होती, मी इतकी वर्षं चोरली, आता पुस्तकात तसं छापतो. ती शेंगा फोडत होती. तिचा हात काही थांबला नाही.

"छाप न्हाईतर नको छापू," ती म्हणाली. "मला ओळ कुठं पायजे व्हती? गाडी पायजे व्हती, ती मिळाली."

मी म्हणालो, "तरी पण."

तिनं फोडलेले दाणे माझ्यापुढं सरकवले. "सभेच्या आधीचे पंधरा दिवस मला वाटायचं, माझ्या भावानं माझ्यासाठी गानं लिवलं. लई चांगले गेले रे ते दिवस. तेवढं तुझ्याच्यानं छापून व्हतं का बघ."